जुन्या पीसीवर गेम चालवायचीय? आधी कॅबिनेट उघडा, पाकीट नंतर

दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मला ठरलेले फोन येतात, "दादा, जीटीए फाईव्ह टाकली पण चालंना." मी विचारतो मशीन काय आहे, तर उत्तर येतं "आय थ्री हाय की, आणि कालच ग्राफिक कार्ड पण घेतलं." झालं. कार्ड आधी, तपासणी नंतर, आणि मग ते कार्ड परत घेईना म्हणून दुकानदाराशी भांडण. दहातले आठ जण हेच करतात. त्यांना माहिती कमी असते असं नाही, क्रम उलटा पडलेला असतो. म्हणून खाली क्रमच लिहिलाय, त्याच क्रमानं जा, मधली पायरी गाळू नका, गाळली तर पुढं जाऊन परत मागंच यावं लागतं.

उदाहरणाला मशीन धरलंय ते आपल्याकडं घरोघरी असतं तेच: एच६१ चा मदरबोर्ड, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, २०१२-१३ च्या आसपास कॉलेजसाठी म्हणून घेतलेलं. आणि गेम जीटीए फाईव्ह, कारण विचारणारे सगळे तीच विचारतात. दुसरी कुठली गेम असली तरी पायऱ्या ह्याच.

## ० : हाताशी काय ठेवायचं

प्लसचा स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा नवा कोरा मऊ ब्रश, खोडरबर (पांढरा, साधा), थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, सीआर२०३२ नंबरचा सेल, एक पेन ड्राईव्ह आणि कागद-पेन. कागद-पेन हसण्यावारी नेऊ नका, मोबाईलवर फोटो काढून ठेवलेला नंतर सापडत नाही.

आणि सगळ्यात आधी घरातले फोटो, दहावी-बारावीचे स्कॅन, वडिलांच्या हिशोबाच्या फाईली दुसरीकडं कॉपी करा. गेमच्या नादात ताईच्या लग्नाचे फोटो उडालेलं घर मी बघितलंय, तिथं आजही मला चहा मिळत नाही.

## १ : मशीनची कुंडली काढा

विंडोज की आणि आर एकत्र दाबा, जो छोटा डबा उघडतो त्यात डी-एक्स-डी-आय-ए-जी ही इंग्रजी अक्षरं सलग टाईप करून एंटर मारा. पुढच्या खिडकीतून चार गोष्टी कागदावर उतरवायच्या.

पहिली, प्रोसेसरचा पूर्ण नंबर. नुसतं "आय थ्री" म्हणजे काहीच नाही, "कोल्हापूरला राहतो" सांगून पेठ न सांगण्यासारखं आहे ते. आय३-२१०० म्हणजे दुसरी पिढी, आय३-३२२० म्हणजे तिसरी. चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी.

दुसरी, रॅम किती दिसतीय. तिसरी, विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिथंच सगळे फसतात. पहिल्या पानावर "डायरेक्टएक्स १२" असं लिहिलेलं दिसतं आणि माणूस खूश होतो. डायरेक्टएक्स म्हणजे गेमला ग्राफिक्स चिपकडून काम करून घ्यायला लागणारी विंडोजमधली सोय, आणि ते तिचं बसवलेलं व्हर्जन आहे, तुमच्या ग्राफिक्स चिपला ते झेपतं असा त्याचा अर्थ नाही. वरच्या "डिस्प्ले" टॅबवर जा, तिथं "फीचर लेव्हल्स" नावाची ओळ आहे, त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघा. खरा आकडा तो. दुसऱ्या पिढीच्या आय थ्रीमधलं एचडी २००० ग्राफिक्स १०.१ वर थांबतं, तिसऱ्या पिढीतलं एचडी २५०० हे ११.० पर्यंत जातं. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, स्टिकर पण सारखाच, पण डायरेक्टएक्स ११ मागणारी गेम एकावर उघडते आणि दुसऱ्यावर "फीचर लेव्हल ११.० लागेल" असा एरर टाकून बंद पडते. हा एरर कुठलंही सॉफ्टवेअर टाकून जात नाही. यूट्यूबवर कुणी "ट्रिक" दाखवत असेल तर दाखवू दे.

तपासा: चारही गोष्टी कागदावर आल्या का? नसतील तर पुढं जाऊ नका.

आता गेमची मिनिमम रिक्वायरमेंट शेजारी लिहा. जीटीए फाईव्हच्या पीसीवर आता दोन आवृत्त्या आहेत. "लिगसी" म्हणजे २०१५ ची मूळ, आणि "एन्हान्स्ड" म्हणजे मार्च २०२५ मध्ये आलेली. एन्हान्स्डला डायरेक्टएक्स १२ आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) लागते, आपल्या डब्यासाठी तो विषयच संपला. लिगसीची मिनिमम मात्र कोअर टू क्वाड क्यू६६००, ४ जीबी रॅम आणि १ जीबीचं ९८०० जीटी कार्ड अशी आहे, आणि ती डायरेक्टएक्स १० वर पण चालते. विकत घेतली की लायब्ररीत दोन्ही येतात, लोक वरची दाबतात, रात्रभर डाउनलोड करतात आणि सकाळी मला फोन. लिगसी दाबा.

मिनिमम म्हणजे गेम कशीबशी चालेल एवढंच, हेही ध्यानात ठेवा. त्यात "मजा येईल" असं कुठंही लिहिलेलं नसतं.

## २ : साफसफाई आणि गरमी

ही पायरी फुकटची आहे आणि तरी कुणीच करत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला राहणाऱ्या एकाचा डबा उघडला तर सीपीयूच्या फॅनखाली जाड नमदा बसलेला, फाउंड्रीकडची ती काळी बारीक धूळ, वरून पावसाळ्यातली ओल. गेम सुरू झाली की प्रोसेसर ९० डिग्रीच्या वर जायचा आणि स्वतःला वाचवायला स्पीड कमी करायचा, आणि हा म्हणायलाय "ग्राफिक कार्ड वीक हाय."

वायर काढा, मेन स्विच बंद, मग कॅबिनेटचं बटण एकदा दाबून सोडा म्हणजे उरलेला करंट जातो. धातूच्या पट्टीला हात लावा, मग आत हात घाला. ब्रशनं धूळ सैल करा, ब्लोअर असेल तर लांबून मारा.

थांबा: ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा. भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग जातं. आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीला स्टॅटिक तयार होतं.

इंटेलच्या स्टॉक कूलरला (प्रोसेसरबरोबर येणारा फॅन) चार प्लास्टिकच्या पिना असतात. जुन्या डब्यात त्यातली एखादी हमखास सुटलेली असते. कूलर काढलात तर जुनी वाळलेली पेस्ट कापसानं पुसा, नवी पेस्ट वाटाण्याएवढी टाका, भाकरीला लोणी फासल्यागत सगळीकडं थापू नका. मग पिना तिरक्या समोरासमोरच्या जोडीनं दाबा, प्रत्येकीचा "कट्" आवाज आला पाहिजे, आणि बोर्डच्या मागून बघा काळी टोकं पूर्ण बाहेर आलीत का.

रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी टोकं खोडरबरनं हलकी घासा, कचरा फुंकून परत बसवा. ही आपली गल्लीतली पद्धत आहे पण चालते. फक्त फुंकताना थुंकी उडवू नका.

आणि मदरबोर्डवरचा तो गोल सेल बदला. दहा वर्षांच्या वरचा डबा आहे, सेल मेलेलाच असणार. सेल मेला की लाईट गेल्यावर तारीख मागं जाते, आणि तारीख चुकली की स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि उतरवायचं ॲप), गेमचा लाँचर, ब्राऊझर सगळे लॉगिनला नकार देतात, आणि माणूस दोन दिवस पासवर्ड बदलत बसतो.

थांबा: सेल काढायच्या आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) जाऊन साटा मोड, म्हणजे डिस्क कशा पद्धतीनं चालते ते, काय आहे ते बघून लिहून ठेवा, आयडीई की एएचसीआय. सेल काढला की सेटिंग मूळपदावर जातं, मोड बदलला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं, आणि लोक लगेच फॉरमॅट मारतात. फॉरमॅटची गरज नसते, मोड परत पहिल्यासारखा केला की विंडोज उठतं.

तपासा: एचडब्ल्यूमॉनिटरसारखं टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाका. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ६० च्या वर दिसत असेल तर कूलर नीट बसलेला नाही, परत काढा. एप्रिल-मेमधली दुपार सोडून बोलतोय.

## ३ : डिस्क आणि विंडोज

क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून हार्ड डिस्कची तब्येत बघा. निळं "गुड" असेल तर ठीक, पिवळं "कॉशन" दिसलं तर त्या डिस्कवर गेम टाकायचा विचार सोडा, आधी डेटा काढा.

पैसे घालायचेच असतील तर पहिले पैसे इथं, एसएसडीवर. एच६१ बोर्डवर साटाचा स्पीड ३ गिगाबिटचाच असतो, म्हणून दुकानदार म्हणेल "पूर्ण स्पीड मिळणार नाही", खरं आहे, पण जुन्या हार्ड डिस्कपेक्षा तरी कितीतरी पटीनं बरं. अडीच इंची साटा एसएसडीच घ्यायची. एनव्हीएमईची पातळ पट्टी या बोर्डवर बसत नाही, राजारामपुरीत शाहूपुरीत कुठंही जा, आधी बोर्डचं नाव सांगा मग माल मागा.

एसएसडी लावताना मोड एएचसीआय करा आणि विंडोज नव्यानं टाका, ६४ बिट. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, त्यातली पण सव्वातीन-साडेतीनच हाताला लागते. शिवाय स्टीमनं विंडोज ७ आणि ८.१ चा सपोर्ट १ जानेवारी २०२४ ला बंद केला आणि ३२ बिट विंडोजचा १ जानेवारी २०२६ ला. तर "माझं विंडोज सेव्हन लय फास्ट हाय" हे मान्य, पण त्यावर स्टीम चालवायचा हट्ट सोडा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, पण या डब्यांना विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, म्हणून सध्या १० च, आणि या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

## ४ : रॅम

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, खाली "स्लॉट्स यूज्ड" दिसेल. २ पैकी १ असेल तर दुसरी पट्टी टाका. ४ अधिक ४ ही जोडी एका ८ च्या पट्टीपेक्षा चांगली, कारण दोन पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनल सुरू होतं, दोन्ही पट्ट्या एकदम कामाला लागतात, आणि ज्यांच्याकडं वेगळं कार्ड नाही त्यांना हा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून जोर लावू नका.

## ५ : ग्राफिक कार्ड, आणि तेही लागलं तरच

इथपर्यंत आल्यावर एकदा गेम चालवून बघा (पायरी ६ ते ८ आधी करून). काही जणांचं काम इथंच होतं, विशेषतः जुन्या गेमा खेळणाऱ्यांचं. तरीही नाहीच झालं तर मग कार्ड.

आधी एसएमपीएस बघा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला खोका. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं, त्याकडं बघूच नका. लेबलवर बारीक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा आणि १२ नं गुणा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॉट, प्रोसेसर आणि कार्ड यांना मिळणारा खरा शिधा तेवढाच. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची नुसती बेरीज करू नका, एकत्र मर्यादा वेगळी लिहिलेली असते ती धरा. आय३-३२२० चे ५५ वॉट, जीटीएक्स ७५० टीआयचे ६० वॉट, म्हणजे ११५, वर डिस्क आणि फॅन. हे जमतं. आणि ७५० टीआयच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर वायर लागत नाही, म्हणून या डब्यांना ते कार्ड सोयीचं. १०५० टीआय ७५ वॉटचं, ते पण चालतं, पण एसएमपीएस ब्रँडेड असेल तरच.

जीटी ७३० घेताना सांभाळा. एकाच नावाखाली डीडीआर३ ची पण येतात आणि जीडीडीआर५ ची पण, आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. "४ जीबी कार्ड" असं ओरडून विकतात ते बहुतेक डीडीआर३ चं असतं. कार्डचे जीबी बघून कार्ड घेणं म्हणजे टाकीचा आकार बघून गाडीचा स्पीड ठरवणं.

सेकंडहँड घेताना तर डोळे उघडे ठेवाच. मी स्वतः एकदा १०५० टीआय म्हणून कार्ड घेतलं, खोका चकचकीत, विंडोजमध्ये पण तेच नाव दिसायचं, गेम लावली की काळी स्क्रीन. शेवटी जीपीयू-झेड (कार्डची खरी ओळख सांगणारं सॉफ्टवेअर) टाकलं तर नावाच्या पुढं "फेक" लिहून आलं, आत कुठलीतरी जुनी चिप आणि बायोस बदललेलं. विकणारा फोन उचलंना. तेव्हापासून नियम केलाय, विकणाऱ्याच्या मशीनवर जीपीयू-झेड लावायचं, दहा मिनिटं गेम चालवायची, मगच पैसे. आणि आपल्या भागात अजून एक गोष्ट बघा, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठं कुठं घुसलं होतं ते आठवा. कार्डच्या पट्टीवर, स्क्रूंवर गंज किंवा कोपऱ्यात वाळलेल्या मातीची रेघ दिसली तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा.

मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला असेल तर १०५० टीआयला ती वायर बसत नाही, एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो.

तपासा: कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डला लावली का? मदरबोर्डलाच ठेवली तर गेम जुन्या ग्राफिक्सवरच चालते. हसू नका, शिवाजी पेठेतल्या माझ्या आतेभावानं तीन आठवडे असं काढले आणि वर मलाच म्हणाला कार्डात दम नाही.

## ६ : ड्रायव्हर आणि बाकीचं सामान

क्रम असा: विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, रीस्टार्ट, मग ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरून, परत रीस्टार्ट. जीटी ७१०-७३० सारख्या केप्लर (एनव्हीडियाची एक जुनी पिढी) कार्डांना एनव्हीडियाची ४७० ची मालिका शेवटची, त्यापुढचं टाकायला गेलात तर इन्स्टॉलरच नाही म्हणेल. ७५० टीआय आणि १०५० टीआयचा शेवटचा ड्रायव्हर ५८० च्या मालिकेत. "ड्रायव्हर अपडेटर" नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका, जाहिराती घेऊन येतात.

मग व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल, मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही. लोक म्हणतात माझं विंडोज ६४ बिट मग ८६ कशाला, अरे गेमचा लाँचर ३२ बिट असू शकतो की. "एमएसव्हीसीपी१४० सापडत नाही" हा एरर यानंच जातो. "डी३डीएक्स९_४३ सापडत नाही" आलं तर डायरेक्टएक्सचं जून २०१० चं एंड-यूजर रनटाईम टाका, डायरेक्टएक्स १२ असलं तरी ते वेगळं लागतं.

थांबा: एकेक डीएलएल फाईल देणाऱ्या साईटवरून फाईल आणून सिस्टम फोल्डरमध्ये चिकटवू नका. एक एरर जातो, तीन येतात, व्हायरस बोनस.

## ७ : गेम आणणं

शंभरेक जीबीचा मामला आहे. ४० एमबीपीएसच्या नेटवर १०० जीबीला साडेपाच तास लागतात, तेही मधे लाईट न जाता. मित्राकडं तीच गेम स्टीमवर असेल आणि तुमच्या खात्यावर तुम्ही घेतलेली असेल तर त्याच्याकडून फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर आणा, आपल्या स्टीमच्या "स्टीमॲप्स" मधल्या "कॉमन" फोल्डरमध्ये ठेवा, मग इन्स्टॉल दाबा. स्टीम आधी असलेल्या फाईली तपासतं आणि राहिलेलं तेवढंच उतरवतं. डिस्क एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल कॉपीच होत नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा (फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं, आधी रिकामी करा).

क्रॅकवाल्या रीपॅकबद्दल (कुलूप तोडून फुकट वाटलेल्या गेमा) एवढंच, जो इन्स्टॉलर "आधी अँटीव्हायरस बंद करा" म्हणतो त्याला घरात घेऊ नका. मशीन हळू चालतंय म्हणून माझ्याकडं आणलेल्या एका डब्यात मागं कुणाचातरी कॉइन मायनर (दुसऱ्याच्या मशीनवर क्रिप्टो नाणी कमावणारं सॉफ्टवेअर) चालू होता.

## ८ : सेटिंग

पहिल्यांदा सगळं एकदम खाली. रिझोल्यूशन १२८० बाय ७२०, फुल स्क्रीन, एमएसएए बंद, एफएक्सएए चालू, सावल्या, रिफ्लेक्शन, पोस्ट एफएक्स, गवत सगळं नॉर्मलवर. पॉप्युलेशन डेन्सिटी आणि डिस्टन्स स्केलिंगच्या पट्ट्या पूर्ण डावीकडं, कारण गाड्या आणि माणसांचा भार प्रोसेसरवर पडतो आणि दोन कोअरवाला आय थ्री तिथंच धापा टाकतो. वर व्हिडिओ मेमरीची पट्टी दिसते, ती लाल होऊ देऊ नका, आणि "इग्नोर सजेस्टेड लिमिट्स" ला हात लावू नका.

मग एका वेळी एकच गोष्ट वाढवा, पाच मिनिटं गाडी फिरवा, शहरात, डोंगरात नाही, डोंगरात सगळ्यांचीच गेम भारी चालते. टेक्स्चर आधी वाढवा, कार्डची मेमरी पुरत असेल तर त्याचा भार फार पडत नाही. सावल्या आणि गवत शेवटी.

तपासा: अडकतंय कुठं हे ओळखायची सोपी खूण. रिझोल्यूशन आणखी खाली आणा. एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) वाढलं तर कार्ड कमी पडतंय. जागचं हललंच नाही तर प्रोसेसर, आणि मग कितीही भारी कार्ड आणा, काही होणार नाही. अशा वेळी एच६१ वर जुना आय५-३४७० बसवणं बरं पडतं, चार खरे कोअर मिळतात, फक्त बोर्डचं बायोस तिसरी पिढी ओळखतं का ते कंपनीच्या यादीत आधी बघा.

एफपीएस ३५ ते ५५ असं नाचत असेल तर व्हीसिंक "हाफ" वर ठेवा, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० ला बांधलं जातं. आकडा कमी पण हाताला गुळगुळीत लागतं. मुलं ऐकत नाहीत, त्यांना ५५ दाखवायचं असतं.

सेटिंग बदलून गेम उघडेनाशी झाली तर डॉक्युमेंट्समधल्या रॉकस्टार गेम्सच्या फोल्डरात जीटीए फाईव्हची "सेटिंग्ज" नावाची एक्सएमएल फाईल असते, ती उडवा, गेम नवी बनवते. गेम परत टाकायची गरज नाही.

## ९ : चालते, पण मधेच गचका देते

एफपीएस बरं आहे आणि दर थोड्या वेळानं अर्धा सेकंद अडकतंय, तर टास्क मॅनेजर उघडा ठेवून खेळा. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर आहे किंवा रॅम भरलीय. क्रोम बंद करा, खरोखर बंद, खाली कोपऱ्यात लपलेलं पण. पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती) बंद केली की स्पीड वाढतो असं कुणी सांगितलं असेल तर परत चालू करा, ८ जीबीत ती लागतेच, बंद असली तर गेम काही न सांगता डेस्कटॉपवर फेकते.

पंधरा-वीस मिनिटं छान आणि मग हळू, असं असेल तर ती गरमी आहे, पायरी २ ला परत जा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून, वर कपडा टाकून, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलेलं असतं बऱ्याच घरांत, ते आधी बाहेर काढा.

आणि गेम लावली की मशीन धाडकन बंद होऊन परत चालू होत असेल तर ना विंडोज ना ड्रायव्हर, एसएमपीएस बदला, आणि तो बदलेपर्यंत गेम लावू नका, जाताना बोर्ड घेऊन जातो तो.